लॉन्सवरचा डीजे, रात्रीचे दहा आणि कुंपणापाशी मोजायचा आवाज

पुण्यातील म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यालगतच्या एका सोसायटीच्या चिटणीसांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या भिंतीला लागून असलेल्या लॉन्सवर लग्नसराईत जवळजवळ रोज डीजे वाजतो. दहाला बंद होणे अपेक्षित असताना तो साडेअकरापर्यंत चालतो, ११२ क्रमांकावर फोन केला की पोलीस येतात, आवाज उतरतो आणि पोलिसांची गाडी वळली की पुन्हा चढतो. व्यवस्थापक ‘आमच्याकडे परवानगी आहे’ एवढेच सांगतात. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मोबाइलवरील ॲप ८५ डेसिबल दाखवते. नियम नेमका काय, दहाच्या आधी कितीही आवाज चालतो का आणि तक्रार कोणाकडे व कशी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात ध्वनिमापनाचे आणि सभागृहांच्या ध्वनिरचनेचे काम करतो, आणि सोसायट्यांइतकेच कार्यालयांचे व लॉन्सचे मालकही माझ्याकडे येतात. दोन्ही बाजूंकडून मला एकच समजूत ऐकू येते, ती म्हणजे ‘दहापर्यंत काहीही चालते’. ही समजूत चुकीची आहे आणि आपल्या तक्रारीचे बळ याच ठिकाणी आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये वेळेची मर्यादा आणि पातळीची मर्यादा या दोन स्वतंत्र मर्यादा आहेत. पहिली पाळली म्हणून दुसरी मोडण्याची सवलत कोणालाही मिळत नाही. दहाच्या आधी प्रश्न आवाज किती हा असतो, दहानंतर उघड्या जागेत प्रश्न आवाज आहे की नाही एवढाच उरतो. या दोन वेळांतील तक्रारी वेगवेगळ्या पद्धतीने लिहाव्या लागतात.

आधी पातळी पाहू. नियमांच्या अनुसूचीत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० डेसिबल अशी परिसराची मानके दिलेली आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे १० ते ६. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी तरतूद आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेच्या हद्दीवर ही वाढ केवळ ५ डेसिबल आहे. म्हणजे निवासी क्षेत्रातील लॉन्सच्या कुंपणापाशी दहाच्या आधीची कमाल मर्यादा, ते सार्वजनिक ठिकाण धरले तर ६५ आणि खासगी धरले तर ६० डेसिबल. लोकांना प्रवेश असलेली कोणतीही जागा, मग तो प्रवेश हक्काने असो वा नसो, सार्वजनिक मानली जात असल्याने लॉन्सचा मालक ६५ चा आग्रह धरील. तो वाद त्याच्याशी घालत बसू नका. ज्या कुंपणाशी प्रत्यक्षात ८० च्या वर आवाज आहे, तिथे मर्यादा ६० की ६५ याने निकाल बदलत नाही.

निकाल बदलू शकतो तो क्षेत्राच्या वर्गवारीने. आपला भूखंड आणि लॉन्सचा भूखंड विकास आराखड्यात कोणत्या झोनमध्ये दाखवला आहे, याचा दाखला महापालिकेकडून आधीच काढून ठेवा. डीपी रस्त्यावर दर्शनी भागात दुकाने आणि मागे घरे अशी सरमिसळ असल्याने ‘हा व्यापारी भाग आहे’ हा बचाव हमखास पुढे येतो. त्या वेळी तोंडी वादापेक्षा झोन दाखला उपयोगी पडतो. जवळपास रुग्णालय किंवा शाळा असेल तर १०० मीटरचे शांतता क्षेत्र आपोआप लागू होते, असेही पुष्कळ जण गृहीत धरतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे अधिसूचित केलेले असावे लागते, म्हणून अधिसूचना हाती असल्याशिवाय तक्रारीची भिस्त त्यावर ठेवू नये.

आता दहानंतरची गोष्ट. रात्री १० ते ६ या वेळेत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक किंवा कोणतेही वाद्य उघड्यावर वाजवता येत नाही. अपवाद आहे तो बंदिस्त जागेतील अंतर्गत वापराचा, म्हणजे प्रेक्षागृह, परिषदगृह, समाजगृह, मेजवानीचे सभागृह अशा ठिकाणांचा, आणि सार्वजनिक आणीबाणीचा. कापडी मांडव किंवा वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या अशी शेड कोणत्याही अर्थाने बंदिस्त होत नाही. नऊ इंची विटांची भिंत आवाज साधारण ५० डेसिबलने रोखते, मांडवाचे कापड व्यवहारात काहीच रोखत नाही. शिवाय सभागृह खरोखर बंदिस्त असले तरी त्याच्या हद्दीवरील पातळीची मर्यादा कायम राहते.

सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि पुण्यात गणेशोत्सवातील ठरावीक दिवस, नवरात्र, शिवजयंती अशा प्रसंगांसाठी जिल्हाधिकारी त्या दिवसांची यादी जाहीर करतात. खासगी लग्न, हळद किंवा संगीत या सवलतीत बसत नाही. यादीतील दिवशीही सवलत वेळेची असते, पातळीची नव्हे. चालू वर्षाची यादी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावून ठेवली तर कोणत्या रात्री फोन करायचा आणि कोणत्या रात्री नाही, यावरून सभासदांतच होणारी धुसफूस थांबते.

याच शहरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मैफली पहाटेपर्यंत रंगत असत, आणि दहाच्या नियमामुळे त्या रात्रभराच्या बैठका पुणेकरांनी सोडून दिल्या. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचा तो आनंद गमावल्याची हळहळ मला आजही वाटते. पण ज्या शहराने अभिजात संगीताच्या सर्वांत मोठ्या मंचाला हा नियम लावला, त्या शहरात भाड्याच्या लॉन्सला तो शिथिल असण्याचे काहीही कारण नाही.

आता ‘आवाज कमी केला’ या उत्तराकडे थोडे बारकाईने पाहू, कारण पोलीस, साउंडवाला आणि रहिवासी यांची सर्वाधिक फसगत इथे होते. डेसिबल ही लघुगणकी मोजणी आहे. ॲम्प्लिफायरची ताकद निम्मी केली तर पातळी ३ डेसिबलने उतरते, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज ‘निम्मा झाला’ असे माणसाला वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. कुंपणापाशी ८५ असलेला आवाज ६५ वर आणायचा म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभरावा भाग करायची. साउंडवाल्याने पोलिसांसमोर मिक्सरवरील पट्टी थोडी खाली ओढली तर त्याने खोटे काही केलेले नसते, पण नियमाच्या दृष्टीने तो अजून पुष्कळ वर असतो.

हेच अंतराच्या हिशेबाने पाहा. उघड्या मैदानात एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने घटतो. नाचणाऱ्यांसाठी एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंतीसमोर ४ मीटरवर ९५ डेसिबल असतील, तर ८ मीटरवर ८९, १६ मीटरवर ८३ आणि ३२ मीटरवर ७७ राहतात. कुंपण ३२ मीटरवर असेल आणि तिथे ६५ हवे असतील, तर ४ मीटरवर ८३ पेक्षा जास्त वाजवता येत नाही. ८३ डेसिबलमध्ये नाचता येते, पण शेजारच्याशी जरा मोठ्याने बोलताही येते, आणि नेमके तेच डीजे लावणाऱ्यांना नको असते. तेव्हा लहान लॉन्सवर एका कोपऱ्यात दोन उंच मनोरे रचून नियम पाळणे हिशेबातच बसत नाही, आणि अशी जागा डीजेसाठी भाड्याने देणाऱ्याने हे समजून घेतले पाहिजे.

चौथ्या मजल्याला तळमजल्यापेक्षा जास्त त्रास का होतो, हेही यातच येते. भिंत किंवा पत्रा स्पीकर आणि कान यांच्यामधली दृष्टिरेषा अडवतो तेवढ्यापुरताच उपयोगी असतो, आणि वरच्या मजल्यांना स्पीकर थेट दिसत असतो. म्हणून ‘आम्ही कुंपणावर पत्रे ठोकून देतो’ हा तोडगा वरच्या घरांसाठी स्वीकारू नका. त्यातच थंडीच्या स्वच्छ रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. नदीकाठच्या वस्तीला डिसेंबर-जानेवारीत लांबचे कार्यक्रमही स्पष्ट ऐकू येतात, त्यामागे हे एक कारण आहे.

बेसबद्दल मात्र मला काळजीने लिहावे लागते, कारण इथे नियमच अपुरा आहे. आपली मानके ‘ए’ मापनश्रेणीत आहेत आणि ही श्रेणी खालच्या स्वरांना फार कमी वजन देते. ६३ हर्ट्झच्या आसपासचा ठोका, म्हणजे छातीत धडधडणारा आणि सरकत्या खिडक्यांची तावदाने थरथरवणारा, या श्रेणीत जवळजवळ २६ डेसिबलने कमी मोजला जातो. प्रत्यक्षात ८८ असलेला ठोका मीटरवर ६२ दिसतो. घरातले आजारी माणूस झोपू शकत नाही आणि पंचनाम्यात ‘मर्यादेत’ असे लिहिले जाते, हा प्रसंग यामुळे घडतो. यावर दोन उपाय आहेत. मापन करणाऱ्याला ‘सी’ श्रेणीतील, म्हणजे खालच्या स्वरांचे वजन फारसे न घटवणाऱ्या श्रेणीतील, आकडाही नोंदवायला सांगा. तो कायद्याच्या मर्यादेशी ताडता येत नाही, पण दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर त्रास बेसचा आहे हे कागदावर येते. दुसरे म्हणजे तक्रारीत केवळ डेसिबल न लिहिता तावदाने हलणे, लहान मुलांची झोपमोड आणि रुग्णांचा त्रास यांचे नेमके वर्णन द्या. भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या, म्हणजे कलम २७०, डेसिबलच्या आकड्यावर अवलंबून नाही.

मोबाइल ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज तो स्वतःच दाबतो आणि बेस तर त्याला धड कळतच नाही. तसेच नियमातील आकडा हा क्षणिक उच्चांक नसून काळाच्या सरासरीने काढलेली पातळी आहे. पक्के मापन म्हणजे वर्ग १ किंवा वर्ग २ चा ध्वनिमापक, मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेटरने (ठरावीक पातळीचा आवाज देणाऱ्या उपकरणाने) केलेली मापकाची तपासणी, मायक्रोफोनवर वाऱ्यापासून बचाव करणारे आवरण, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंची, आणि भिंतीपासून शक्य तेवढे अंतर, कारण भिंतीजवळ परावर्तनाने आकडा ३ डेसिबलपर्यंत वाढतो. त्याच जागी डीजे थांबलेला असतानाचे मापनही घ्यावे, नाहीतर ‘हा रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज आहे’ हा युक्तिवाद खोडता येत नाही. ॲपचा उपयोग फोन कधी करायचा हे ठरवण्यापुरता ठेवा. त्याउलट घड्याळाची वेळ, लॉन्सचे प्रवेशद्वार आणि चालू संगीत एकाच चित्रफितीत दिसत असेल, तर दहानंतरच्या तक्रारीसाठी ती फार मोलाची ठरते.

याचे कारण नियम ७ मध्ये आहे. परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते, आणि रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असेल तर त्यासाठीही करता येते. म्हणून दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू असेल तर ‘मीटर आणल्याशिवाय काही करता येणार नाही’ हे उत्तर नियमाला धरून नाही. दहाच्या आधीही लेखी परवानगीच नसेल तर मापनाची गरज पडत नाही.

परवानगीची प्रत मात्र मागितलीच पाहिजे. ती बहुधा लॉन्सच्या नव्हे, तर कार्यक्रम करणाऱ्या कुटुंबाच्या नावाने, विशिष्ट तारखेसाठी आणि अटींसह स्थानिक पोलीस ठाण्यातून दिलेली असते. व्यवस्थापक ‘आमच्याकडे परवानगी आहे’ म्हणतात तेव्हा त्या तारखेची आहे का, किती वाजेपर्यंतची आहे आणि आवाजाची कोणती अट त्यात आहे, हे पाहायचे असते. कागद दाखवला नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून त्या पत्त्यावरील मागील हंगामातील सर्व परवानग्या, त्यांच्या अटी आणि झालेल्या पंचनाम्यांच्या प्रती मागवा. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ज्या रात्रींच्या परवानग्या निघालेल्याच नाहीत त्यांची यादी हाती आली की पुढचे संभाषण फार वेगळे होते. हॉटेल आणि परमिट रूमच्या गच्चीवरील संगीताबाबतही हेच लक्षात ठेवावे, की आस्थापना रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याची मुभा आणि उघड्या गच्चीवर दहानंतर स्पीकर लावण्याची मुभा या भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी मिळत नाही.

कार्यक्रम चालू असताना ११२ वर फोन अवश्य करा, पण तक्रार तिथेच संपू देऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला-चुनाभट्टी भागातील ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख पटवून घेण्याचा आग्रह न धरता कारवाई करावी आणि त्याची ओळख उघड करू नये, असे सांगितले आहे. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून गप्प बसणाऱ्या सभासदांना हे आवर्जून सांगावे. फोननंतर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ठरावासह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नियमांनुसार कारवाईचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जापेक्षा खालचा नसलेल्या नियुक्त अधिकाऱ्याचा असतो. शहरात हा दर्जा सहायक पोलीस आयुक्तांचा आहे, म्हणून अर्ज ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना करताना प्रत सहायक आयुक्तांना द्यावी. कार्यक्रमाची तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ, फोनची वेळ, पोलीस आल्याची वेळ आणि ते गेल्यावर आवाज पुन्हा कधी वाढला, या नोंदी सोसायटीने एका वहीत एकाच पद्धतीने ठेवाव्यात. ‘रोज त्रास होतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी आदेश काढू शकत नाही. सलग नोंदींवर तो काढता येतो.

तक्रारीत कोणती कलमे घालायची, याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. सोसायट्यांमध्ये फिरणाऱ्या जुन्या मसुद्यांत ‘पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ नुसार पाच वर्षे कैद आणि एक लाख दंड’ असे लिहिलेले असते. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू नाही. आता त्या कलमाखाली १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आहे आणि ती लावण्याचा अधिकार उच्च दर्जाच्या निर्णय अधिकाऱ्याकडे आहे, ठाण्यातील पोलिसांकडे नाही. त्या रात्री आवाज थांबवण्यासाठी उपयोगी पडतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३८ खाली संगीत किंवा आवाज चालू ठेवण्यास मनाई करता येते, आणि अशी मनाई ध्वनिनियमांच्या नियम ८ खालीही करता येते. लेखी मनाई झाल्यावरही प्रकार चालू राहिला तर लोकसेवकाचा आदेश मोडल्याचे, म्हणजे न्याय संहितेचे कलम २२३, लागू होते. म्हणून तोंडी समज देऊन परत जाणाऱ्या पोलिसांकडे लेखी आदेशाची मागणी करणे हा प्रत्येक वेळी योग्य आग्रह आहे. वारंवार होणाऱ्या उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ तर पुण्यातच आहे. तिथे वाद दाखल करण्याची मुदत कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची असल्याने दोन-दोन हंगाम वाट पाहू नये.

ढोल-ताशाचा विषय चिटणीसांनी विचारलेला नाही, पण नदीपात्रालगत राहणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये तो भेडसावतोच. रात्रीचा निर्बंध वाद्यांनाही लागू असल्याने सरावही दहाला थांबला पाहिजे. २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पथकातील वादकांच्या संख्येवर ३० ची मर्यादा घातली होती आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ही स्थगिती संख्येपुरती होती, दहाच्या वेळेशी तिचा संबंध नाही. पथकाच्या प्रमुखाशी सरावाच्या आधी बोलले तर बहुतेक पथके वेळ पाळतात, असा माझा अनुभव आहे.

लॉन्सच्या मालकाशी बोलण्याची दारेही बंद करू नका, आणि बोलताना केवळ ‘आवाज कमी करा’ असे न म्हणता नेमक्या गोष्टी मागा. बाहेरून येणाऱ्या साउंडवाल्याने स्वतःचे मनोरे न रचता लॉन्सच्या कायम बसवलेल्या यंत्रणेतूनच वाजवायचे, आणि त्या यंत्रणेत कुलूपबंद लिमिटर, म्हणजे आवाज ठरवलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारे उपकरण, असावा, ज्याची पातळी कुंपणापाशी मोजून ठरवलेली असेल. दोन मोठ्या स्पीकरऐवजी नाचण्याच्या जागेभोवती कमी उंचीवर, आत आणि खाली तोंड केलेले अनेक लहान स्पीकर लावले तर नाचणाऱ्याला पुरेसा आवाज मिळूनही कुंपणाशी तो बराच उतरतो. बेसचे खोके सोसायटीच्या भिंतीपासून सर्वांत दूरच्या टोकाला असावेत आणि ६० ते ८० हर्ट्झच्या खालचा भाग यंत्रणेतच कापलेला असावा. पावणेदहाला डीजे थांबवून शेवटची पंधरा मिनिटे निरोपाच्या कार्यक्रमाला ठेवण्याची अट भाडेकरारात लिहिली, तर दहाच्या ठोक्याला होणारी हुज्जतही टळते. मालकाला यात खर्च आहे, पण परवानगी अडकण्याची किंवा ऐन मुहूर्ताच्या दिवशी साहित्य जप्त होण्याची जोखीम त्याहून मोठी आहे, आणि जबाबदार मालक हे ऐकून घेतात.

लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. झोन दाखला, माहिती अधिकाराचा अर्ज, सोसायटीचा ठराव आणि मालकासोबतची लिमिटरबद्दलची बैठक ही कामे दिवाळीच्या आधी उरकून घ्या. लिमिटरची पातळी ठरवण्याची चाचणी आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी, सोसायटीचे दोन प्रतिनिधी आणि मालक अशा सर्वांच्या समक्ष, कुंपणापाशी आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत अशा दोन्ही ठिकाणी घ्या, आणि नोंदलेल्या आकड्यांवर तिथेच सर्वांच्या सह्या घ्या.